गुहागरकडच्या जुन्या घरात आईसाठी फेरबदल : ठेकेदार नेमताना काय बघावं?

पाखाडीवरचा

नमस्कार मंडळी. आई ७९ वर्षांची. गुहागर तालुक्यात आमच्या जुन्या घरी राहायची. दिवसा कामाला बाई यायची, रात्री शेजारची वहिनी सोबतीला असायची. मागच्या पावसाळ्यात आई मागच्या पडवीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सांधा बदलला. तेव्हापासून डोंबिवलीला आमच्याकडे आहे. वॉकर धरून बऱ्यापैकी चालते. पण रोज सकाळी एकच पालुपद, "मला घरी नेऊन सोड." इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, डॉक्टर खालीच आहे, तरी तिचा जीव इथे रमत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तिचं पटतं.

घर चिरेबंदी, वर मंगलोरी कौलं. अंगणापासून जोतं अडीच फूट, त्याला चार उंच पायऱ्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एका ओळीत रचना, आणि दर दाराला उंबरा. न्हाणी पडवीच्या टोकाला, दोन पायऱ्या खाली. संडास परसात. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे, तो तर वेगळाच विषय.

दोघांना बोलावून घर दाखवलं. पहिला तालुक्याचा ठेकेदार, गाडी घेऊन आला, मोबाइलवर बंगल्यांचे फोटो दाखवले. ओटीला ग्रॅनाइट, आतून व्हिट्रिफाइड फरशी, पीव्हीसी सीलिंग, आत एक बाथरूम, सगळं मिळून ६ लाख ४० हजार. रॅम्पचं विचारलं तर म्हणाला, "चार फुटांत बसवून देतो." दुसरा गावातलाच गवंडी. हात चांगला आहे, आमचा गडगा (दगडी कुंपण) त्यानेच बांधला. पण अंदाज मागितला की म्हणतो, "करता करता बघू."

पावसाच्या आधी काम उरकायचंय. कोणाला द्यावं, लिहून काय घ्यावं, पैसे कसे द्यावेत? ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा.

सुरंगी

ग्रॅनाइट कोणासाठी? आईसाठी की मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी?

निवृत्त ओव्हरसियर

चार फुटांत अडीच फूट चढ म्हणजे घसरगुंडी झाली. व्हीलचेअरच्या रॅम्पचं प्रमाण १:१२. एक इंच उंचीला एक फूट लांबी. तुमचं जोतं ३० इंच, म्हणजे सरळ ३० फूट रॅम्प, शिवाय वळणावर पाच फूट बाय पाच फुटांची सपाट जागा, कारण खुर्ची वळायला तेवढी लागतेच. अंगणात तुळशीवृंदावन सांभाळून हे बसतं का, ते आधी टेप लावून बघा. जो ठेकेदार टेप न काढता रॅम्पचं बोलतो, त्याला बाकीचं काही विचारूच नका.

दुसरं म्हणजे रॅम्प हवाच का, ते ठरवा. आई चालत असेल तर चारच्या पाच पायऱ्या करा. उंची सहा इंच, वरचा पाट निदान बारा इंच, जागा असेल तर चौदा. सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या. माणूस अडखळतो तो उंच पायरीला नव्हे, वेगळ्या उंचीच्या पायरीला. दोन्ही बाजूंना कठडा. रॅम्पची जागा मात्र मोकळी ठेवा, उद्या लागला तर घालता येईल.

रॅम्प असो की पायरी, वर गुळगुळीत काही नको. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑगस्टपर्यंत ग्रॅनाइटच काय, कोब्यावरही शेवाळ धरतं. काँक्रीट ओलं असताना आडव्या झाडूच्या रेघा मारून घ्या आणि दर पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून घासायची सोय ठेवा. पायऱ्यांवर पन्हळ काढा किंवा छपराची वळचण पुढे घ्या. पागोळ्या थेट पायरीवर पडत असतील तर बाकीचं सगळं काम वाया गेलं समजा.

चालती बोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरीत घरी जाऊन पेशंट बघते. ओव्हरसियरकाकांशी सहमत, थोडी भर घालते.

उतार सगळ्यांनाच सोपा जातो असं नाही. गुडघे दुखत असतील तर उतार उतरणं कित्येकदा कठडा धरून पायऱ्या उतरण्यापेक्षा जड जातं. आणि वॉकर घेऊन पायऱ्या चढायच्या नाहीत. एक वॉकर वर ओटीवर, दुसरा खाली अंगणात, मध्ये कठडा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. कठड्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. आईंना चप्पल घालून उभं करा, हात खाली सोडायला सांगा, मनगटाची रेघ जिथे येते तिथे कठडा. पाइप सव्वा ते दीड इंच जाडीचा, मुठीत पुरा मावणारा. चौकोनी पाइप दिसायला छान, पण धरायला वाईट.

सांधा बदललाय म्हणजे पाटावर बसून आंघोळ बंद. उकिडवं बसणंही बंद. कमोडची बैठक १८ इंचांच्या आसपास हवी, बाजारातली पुष्कळशी भांडी त्याहून बुटकी असतात. भांडं घ्यायला आईंना सोबत नेता आलं नाही तर निदान त्यांच्या गुडघ्यामागची उंची मोजून घ्या. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत.

आणि एक विनंती. ठेकेदाराला बोलावण्याआधी आईंना दोन-चार दिवस त्या घरात घेऊन जा आणि त्या कशा वावरतात ते नुसतं बघा. मध्ये बोलू नका, हात देऊ नका, पडणार असं वाटलं तरच धरा.

तिरफळ

माका एक सांगूचा असा. उंबऱ्याक हात लावच्या आधी आवशीक विचारा. आमच्या आजयेन पुढलो उंबरो काढूक दिल्यान नाय. म्हणाली, "ह्याच उंबऱ्यार माप लवांडून मी घरात इलंय, आता माजो पाय उचलत नाय म्हणान तो काढतलास?" मेस्त्री गप. आमी पण गप.

शेवटी पुढलो ठेवलो, आतले काढले. आतल्या दोघांका तशीय वाळवी लागली होती. आणि हां, उंबरो गेलो काय दाराखाली फट पडता. पावसात मण्यार नायतर फुरसा आत येता. दाराक खालसून रबराची पट्टी मारून घेवा.

सुरंगी

@तिरफळ, पुढच्या उंबऱ्याला उताराची पाचर बसवली का दोन्ही बाजूंनी?

तिरफळ

होय, फणसाच्या लाकडाची. लांबलचक करूची लागली. मेस्त्रीन पयली केल्यान ती इतकी उभी काय आमीच तेच्यार सरकलों.

निवृत्त ओव्हरसियर

तिथेही १:१२च. तीन इंचांचा उंबरा तर पाचर दोन्हीकडे तीन-तीन फूट.

गडगा

बांधकामाचं सगळे बोलतायत, मी कागदाचं बोलतो. घर कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आईंचं एकटीचं नाव आहे, की अजून आजोबांचं? आपल्याकडे सातबारावर वीस-पंचवीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं मुंबईत आणि उरलेली देवाघरी. काम सुरू झालं, चिरा पडला, की नेमका एक चुलतभाऊ उगवतो. "सामाईक घर आहे, न विचारता तोडताय कसे?" संडासाचा खड्डा काढताना तर हमखास. आधीच सगळ्यांना फोन करा, आईसाठी करतोय म्हणून सांगा, आणि जमलं तर दोन ओळींचं संमतीपत्र घ्या. फोनवर हो म्हणणारे गणपतीत नाही म्हणतात.

आतली दुरुस्ती, फरशी, दारं यांना सहसा कोणी काही विचारत नाही. पण जोत्याबाहेर नवीन बाथरूम काढणार असाल तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते, ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ बघा. घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आहेच. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण आहे त्या जोत्याच्या क्षेत्रात. जोतं वाढवलं की दुरुस्ती राहत नाही.

पाखाडीवरचा

समुद्र लांब आहे, आम्ही वर सड्याकडे. उतारा आईच्याच नावावर आहे, वडिलांनी जाण्याआधी करून ठेवला होता. पण संडासाचा खड्डा जिथे काढायचा ती जागा काकांच्या हिश्शाला लागून आहे. बोलावं लागेल.

मुकादम

मी त्याच पट्ट्यात कामं घेतो, म्हणून लिहितो. ठेकेदारांना शिव्या घालणं सोपं आहे, पण आमची बाजूही ऐका.

न्हाणी फोडून नवी करणे, चार दारं रुंद करणे, पाच पायऱ्या, आठ दांडे. हे काम आम्हाला परवडत नाही. गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर असे पाच कारागीर थोड्या थोड्या वेळासाठी आणायचे, त्यात पाखाडी असेल तर रेती, सिमेंट, चिरा सगळं डोक्यावरून न्यायचं. ती मजुरी कोणी धरत नाही आणि शेवटी भांडण होतं. म्हणून ठेकेदार ग्रॅनाइट आणि सीलिंग घुसवतो, त्यात त्याचं सुटतं. तुम्ही सरळ विचारा, "सीलिंग नको, ग्रॅनाइट नको, या कामाचे तू किती घेशील?" थोडे जास्त सांगेल. पण तो आकडा खरा असेल.

काळ-वेळही बघा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हा गावातला एकही माणूस कामावर येणार नाही, आणि येऊही नये. मेमध्ये चाकरमानी येतात, प्रत्येकाला मोटार आणि नळ आजच हवा असतो. प्लंबर तेव्हा देवासारखा दुर्मीळ. फोडाफोडी शिमग्याच्या आत, फरशी-प्लंबिंग एप्रिलमध्ये. मे कोरडा ठेवा, राहिलं-साहिलं करायला.

कोकमसार

मुकादम, पटलं. पण माझ्या मामाकडे जे झालं तेही ऐका. छपराचं काम अंगावर दिलं होतं. निम्म्याहून जास्त पैसे आधीच उचलले, कौलं उतरवली आणि माणसं दुसऱ्या साइटवर गेली. फोन केला की "उद्या". वळवाचा पाऊस आला तेव्हा मामी माजघरात ताडपत्रीखाली तांदळाचे डबे लावत होती. कागद काही नव्हता, बिल नव्हतं, पैसे रोखीत. कुठे जाणार?

निवृत्त ओव्हरसियर

जायला जागा आहे. घरदुरुस्तीचा ठेका ही सेवा आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण दाखवायला कागद हवा. म्हणून कागदाबद्दल लिहितो.

वकिली भाषा नको. मराठीत, दोन पानं. काय करायचं ते खोलीवार आणि मापासकट, म्हणजे "बाथरूम नीट करणे" असं नाही, तर "न्हाणीची जमीन पडवीच्या पातळीला आणणे, दाराची मोकळी रुंदी तीन फूट, दार बाहेर उघडणारं". सामान कोणाचं, कोणत्या दर्जाचं. पाखाडीवरून वाहतूक धरली आहे की नाही. जुनं घर फोडल्यावर आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, तुळई पोकळ निघते, चिरा भुसभुशीत निघतो. म्हणून जादा कामाचा दर आधी ठरवायचा आणि ते काम करण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून तुमचा होकार घ्यायचा.

पैसे टप्प्याने. सुरुवातीला सामान येण्यापुरते, मग फोडाफोडी, प्लंबिंग, फरशी, दांडे असे काम होईल तसे. दहा टक्के हातात ठेवा, आणि ते मृगाचा पाऊस नीट पडून गेल्यावर द्या. न्हाणीतलं पाणी कुठे वाहतं, पायरीवर पाणी साचतं का, पडवी कुठून झिरपते, हे बादलीने कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. आतला कमोड चालू होऊन वापरात येईपर्यंत परसातल्या संडासाला हात लावू द्यायचा नाही. हे कागदात लिहा.

मुकादम

दहा टक्के पावसापर्यंत ठेवले तर चांगला माणूस काम घेणार नाही. मजुरांचे पैसे आम्हाला शनिवारी द्यावे लागतात. पाच ठेवा.

निवृत्त ओव्हरसियर

पाच ठेवा, पण ठेवा.

चालती बोलती

कामाच्या काळात आई कुठे राहणार? तिथेच राहिल्या तर धूळ, पसरलेल्या वायरी, ओल्या सिमेंटवरून वाट. शिवाय माझ्या अनुभवात या पिढीच्या बायका गवंड्यांना चहा केल्याशिवाय राहत नाहीत, वॉकर बाजूला ठेवून कप नेऊन देतात.

पाखाडीवरचा

चालतीताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. शनिवारी-रविवारी आईला घेऊन गेलो (पाखाडी खुर्चीत बसवून चौघांनी उतरवली, त्यावर ती चिडली होती). आणि नुसतं बघत बसलो.

रात्री ती उठली. दिवा लावला नाही, बटण पलंगापासून लांब, दाराच्या पलीकडे आहे. आधी पलंगाच्या पायथ्याला हात, मग दाराची चौकट, उंबरा तिरकी होऊन एका पायाने ओलांडला. स्वयंपाकघरात फडताळाची कड. तिथून मागच्या दारापर्यंत धरायला काही नाही, तर तिने वॉकर सोडून भिंतीला तळहात लावला. सकाळी ती भिंत बघितली. चुन्यावर कमरेच्या जरा वर एक काळपट, तुकतुकीत पट्टा आहे. कित्येक वर्षांचा असणार, बाबांचा हातही त्यात असेल. आम्ही दर गणपतीला त्यावर चुना मारत आलोय. ओव्हरसियरकाका, टेप लावली, बरोबर तिच्या मनगटाच्या रेघेला आला.

दांडा तिथेच बसवायचा ठरवलंय. पण भिंत जांभ्याची. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो, फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लॅस्टिकची गुल्ली) ठोकून देतो.

निवृत्त ओव्हरसियर

जांभ्यात साधं फिशर धरत नाही. चिरा सच्छिद्र असतो, भोक मोठं होतं, आणि आई जोर लावेल त्याच दिवशी दांडा हातात येईल. दोन मार्ग आहेत. भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी प्लेट. किंवा दांड्याच्या जागचा चिऱ्याचा तुकडा काढून तिथे काँक्रीट भरायचं आणि त्यात अँकर. केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट) वापरायचा असेल तर जाळीच्या बाहीसकट, आणि लावणारा माहितगार हवा. न्हाणीत टाइल्स लावण्याआधीच हे करून घ्या, नंतर टाइल फुटते. शेवटी परीक्षा एकच. ठेकेदाराने स्वतः दांड्याला लोंबकळून दाखवायचं, हप्ता त्यानंतर.

टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, हे प्लंबरलाही सांगा.

खारा वारा

दांड्याच्या धातूबद्दल. स्टेनलेस म्हणून आपल्याकडे बहुतेक २०२ ग्रेड खपवतात. दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके. लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याने काही कळत नाही, २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ चालेल, खारी हवा अंगावर येत असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला टिकतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आमच्या भागात ३१६ मिळालं नाही, मुंबईहून मागवलं.

घरातल्या भिंतीसाठी मात्र मी धातू घेतला नाही. जुन्या घराचा सागवान पडून होता, सुताराकडून गोल दांडा कातून घेतला. गारही लागत नाही, गंजतही नाही.

सुरंगी

+१ सागवानाला.

आणि दिव्यांचं कोणीच बोललं नाही. पलंगाशी बटण, वाटेवर पायाशी लागणारे सेन्सरचे दिवे, इन्व्हर्टरवर. तिकडे वारा सुटला की लाइट जाते, आणि माणूस पडतो तो नेमका तेव्हाच. गीझर लावणार असाल तर ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसवा. न्हाणीत बेल लावा, तिची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबती ठेवा, पडल्यावर हात पोचेल अशी. आतली कडी बाहेरून उघडता येणारी.

गडगा

सेप्टिक टाकी विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

कोकमसार

सरकारी मदत काही मिळते का?

गडगा

घरात फेरबदल करायला नाही. उपकरणांसाठी २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, ६५ च्या वर, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, एकदाच ३,००० रुपये. वॉकर किंवा कमोड खुर्ची येते त्यात. पंचायत समितीत किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

पाखाडीवरचा

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो.

तालुक्याच्या ठेकेदाराला मुकादमांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. "एवढ्याशा कामाला मी येत नाही" म्हणाला. बरंच झालं. काम गावातल्या गवंड्याला मजुरीवर, सामान माझं. तो लिहायला तयार नव्हता, "आपल्यात कागद कशाला" म्हणून. मग आईच बोलली त्याच्याशी, काय बोलली माहीत नाही, दुसऱ्या दिवशी सही केली. पाच टक्के पावसानंतर.

न्हाणी पडवीच्या पातळीला येईल, दोन पायऱ्या जातील, त्यातच कमोड. दार तीन फुटी, बाहेर उघडणारं. आतले उंबरे काढायचे, पुढचा राहील. पुढे पाच पायऱ्या, रॅम्प आत्ता नाही. काकांना फोन केला, खड्ड्याला हो म्हणाले, लेखी मागितल्यावर जरा गप्प झाले, पण देतो म्हणालेत. कमोड चालू होईपर्यंत आई डोंबिवलीला, हे तिला अजून पटलेलं नाही.

तिच्या दोन अटी आहेत. कमोडची भिंत देवघराला लागू द्यायची नाही, आणि ओटीवरचा झोपाळा हलवायचा नाही. झोपाळा वाटेत येतो म्हणून मी काढणार होतो. ती म्हणते, "मी त्यालाच धरून उठते."

चालती बोलती

देवघराचं मानून टाका. झोपाळा धरून मात्र उठायचं नाही, तो मागे जातो. झोपाळ्याला हात लावू नका, शेजारी जमिनीत पक्का रोवलेला उभा दांडा द्या. त्याला धरून उठतील आणि झोपाळ्यावर बसतील.

पाखाडीवरचा

हे सुचलं नव्हतं. सांगतो गवंड्याला. @खारा वारा, मुंबईहून ३१६ पाइप कोणाकडून मागवलात?

खारा वारा

व्यनि (खासगी निरोप) केलाय. पाखाडीचं काय करणार आहात?

पाखाडीवरचा

सध्या खुर्ची आणि चौघं. वरच्या अंगाने काजूच्या बागेतून रिक्षा येईल असा रस्ता निघू शकतो, पण ती बाग काकांची. आधी खड्ड्याचा कागद हातात येऊ दे.